सुपातली मुलगी

हैदराबाद, १४ जून १९९७

ती. आक्काआत्यास,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून म्हणशील, बाईसाहेबांना आज आत्या कशी आठवली. खरं सांगते, काम आहे. कामाशिवाय मी पत्र लिहीत नाही, असं तूच भावकीत सांगून ठेवलंयस. तेव्हा लाजत नाही.

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात, असं समज. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, आम्ही मायटोकॉन्ड्रिया म्हणतो. चुली पेटत्या असल्या की माणूस चालतं. त्या विझायला लागल्या की आधी कान, डोळे, मग मेंदू. जळण सगळ्यात जास्त त्यांनाच लागतं. आणि या चुली लेकराला फक्त आईकडून मिळतात, बापाकडून नाही. गेली नऊ वर्षं मी याच विझणाऱ्या चुलींवर काम करते आहे.

परवा प्रयोगशाळेत बसल्या बसल्या एकदम गोजराबाई आठवल्या. आपल्या दिंडोरीकडच्या गावातल्या. मी दहा-बारा वर्षांची असेन. त्या दारात बसायच्या आणि हातात काही नसताना सूप धरल्यासारखे हात हलवायच्या. गाव म्हणायचं, पाखडणी लागली. त्यांच्या आईलाही तसंच झालं होतं म्हणे. आई मला त्या दारावरून जाऊ द्यायची नाही, लांबून वळसा घालून शाळेत जावं लागायचं.

आत्या, आईकडून लेकीकडे जाणारा आजार म्हणजे मी शोधते आहे तेच. की हा द्राक्षांच्या फवारणीचा परिणाम? काही औषधं याच चुली विझवतात. पण गोजराबाईंच्या आईच्या काळात द्राक्षं कुठे होती? त्या घरातलं आता कोण आहे ते कळव. तू तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होतीस, पंचक्रोशीतली निम्मी माणसं तुझ्या हातावर जन्मली. तुला नाही तर कुणाला ठाऊक असणार?

मंजू तेरा वर्षांची झाली. उंचीने मला गाठलंय.

तुझी,
प्रतिभा

*

मखमलाबाद, नाशिक
२ जुलै १९९७

चि. प्रतिभास आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी बरी आहे. झेंडूला यंदा भाव नाही, पण गुलछडी तारून नेते. सकाळी फुलबाजारात बसते, शेजारी रेहाना असते, दोघी मिळून गिऱ्हाइकांची टिंगल करतो. म्हातारपण बरं चाललंय.

तुझ्या चुलींचं वाचलं. एवढं शिकून शेवटी चुलीपाशीच आलीस म्हणायची.

गोजराबाई जाऊन तेवीस वर्षं झाली. तिची थोरली भागुबाई पिंपळगाव बसवंतला दिली आहे, द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जायची. तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिलाही लागलीय. आधी कानात आवाज येतो, कुणी पलीकडे धान्य पाखडतंय असा. चांगला सहा महिने येतो. मग पाय जड होतात. मग पापण्या उचलत नाहीत. मग हात हलतात. शेवटी माणूस ओळखत नाही. गोजराबाईच्या आईचं, मावशीचं, तिचं, सगळ्यांचं हेच. सासरी गेल्या तरी सुटत नाही. लोक म्हणतात, त्या घराण्यातली कुणी मागची बाई दाणे निवडत बसलीय आणि एकेकीला बोलावते.

मी नर्स होते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी पोरी, हे उकरू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुनियेत दुसरे आजार थोडे आहेत का?

तुझी आत्या

*

हैदराबाद, २० जुलै १९९७

ती. आत्यास,

विश्वास नाही म्हणतेस आणि उकरू नकोसही म्हणतेस. असं कसं चालेल?

भागुबाईंचं रक्त हवं. औषध आज नाही, मी खोटं सांगणार नाही. पण रक्तात नेमकी खोट कुठे आहे हे कळलं, तर पुढे कुणीतरी औषध करील. त्यांनाही तसंच सांग, आणि त्या हो म्हणाल्या तरच घे. सोबत नळ्या, सुया आणि चिठ्ठ्या पाठवते. रक्त बर्फात ठेवून पाठवायचं.

तुलनेसाठी एका निरोगी बाईचं रक्त लागेल. त्याच गावची, त्याच पाण्यावर वाढलेली, साधारण त्याच वयाची, पण दुसऱ्या घरातली. शोधायची गरज नाही, ती बाई मीच. माझं मी इथेच काढीन. आपल्या घरात चार पिढ्यांत असलं काही नाही.

पावसामुळे की काय, डोकं जड असतं. रक्त फिरवायचं यंत्र बंद केलं तरी त्याची सरसर कानात राहते. मदतनीस म्हणतो, मॅडम, यंत्र आज लावलंच नाही. या मुलांचं कामात लक्ष नसतं.

प्रतिभा

*

मखमलाबाद
११ सप्टेंबर १९९७

चि. प्रतिभास आशीर्वाद.

पिंपळगावला जाऊन आले. तीन नळ्या भरल्या. बर्फ भागुबाईच्या पॅकहाऊसमधूनच मिळाला, द्राक्षांच्या थर्माकोलच्या पेटीत नळ्या ठेवल्यात. रस्त्यात कुणी द्राक्षं समजून उघडू नये म्हणजे झालं. चिठ्ठ्या मी माझ्या हाताने लावल्यात.

भागुबाई खाटेवर बसलेली होती. पापण्या मिटलेल्या, हात हलतायत. मी म्हटलं, रक्त देतेस का, औषध नाही पण अभ्यास होईल. म्हणाली, "घ्या की बाई. जात्यातली रडती, सुपातली हसती. माझं दळण सुरू झालं, सुपातलीचं तरी बगा." शुद्धीवर असली की अशी शहाण्यासारखी बोलते. नाहीतर एकच धरून बसते, "येक दाना कमी हाय. ती मोजती आन् म्हंती येक कमी हाय." तिच्या सुनेला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, पहिल्यापासून. मी फार लक्ष दिलं नाही.

एक ऐक. तुझं रक्त त्यात घालू नकोस. निरोगी बाई हवी तर मी आपल्या गल्लीतली दहा उभी करते. संशोधन करणाऱ्याने स्वतःला मध्ये आणू नये, असं तुमच्यात काही असेलच ना? एवढं माझं ऐक.

आत्या

*

हैदराबाद, ९ जानेवारी १९९८

ती. आत्यास,

आज मी रागावून लिहिते आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. वाटलं तर वाटू दे.

भागुबाईंच्या रक्तात खोट सापडली. चुलीच्या साच्यातलं, म्हणजे तिच्या डीएनएतलं, एक अक्षर बदललंय, आणि त्याच्या आजूबाजूला तीन बारीक खुणा आहेत. आजवर कुणी नोंदवलेलं नाही. आनंदाने नाचायला हवं होतं. पण माझ्या रक्ताच्या नळीतही तेच अक्षर, त्याच तीन खुणा आल्या. याचा अर्थ एकच, नळ्यांची अदलाबदल झाली. तू चिठ्ठी लावताना घोळ केलास किंवा एखादी कोरी सोडलीस आणि इथल्या मुलाने ती माझी समजली. चार महिन्यांचं काम पाण्यात. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

किती नळ्या, कुठल्या चिठ्ठ्या, आठवून लगेच कळव.

प्रतिभा

*

मखमलाबाद
१९ जानेवारी १९९८

प्रतिभा,

तीन नळ्या. तिन्हींवर भागुबाईचं नाव आणि तारीख. एकही कोरी नव्हती. तीस वर्षांत मी कधी चिठ्ठी चुकवली नाही.

दुसऱ्या कुणाचं रक्त घे आणि काम पुढे ने. तुझं मोजू नकोस. संक्रांतीचा तीळगूळ मंजूसाठी पाठवते आहे.

आत्या

*

हैदराबाद, ६ मार्च १९९८

आत्या,

मी पुन्हा रक्त काढलं. नवी सुई, नवी नळी, दुसरी खोली. मग शेजारच्या प्रयोगशाळेत, माझं नाव न सांगता, तिसऱ्यांदा. तेच अक्षर. त्याच तीन खुणा.

तुझी सगळी पत्रं ओळीने लावून पुन्हा वाचली. तू पहिल्यापासून एकच सांगते आहेस, तुझं रक्त त्यात घालू नकोस. मी मूर्ख, मला ते म्हातारपणाचं काळजीखोर बोलणं वाटलं.

आईने मला आयुष्यात कधी सूप हातात धरू दिलं नाही. मला वाटायचं, पोरीने शिकावं म्हणून. मी केरसुणी धरली, पाटा-वरवंटा केला, विहिरीवरून पाणी आणलं. फक्त सूप नाही. का?

मी कुणाची आहे?

प्रतिभा

*

मखमलाबाद
२ एप्रिल १९९८

चि. प्रतिभास,

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. तीन फाडली.

तुझ्या आईची, वत्सलावहिनीची, आधीची तीन लेकरं सटीच्या आत गेली. चौथ्या वेळी मुलगी झाली, १९५९ सालचा भाद्रपद. माझ्या आईने ठरवलं, लेकरू विकायचं. तेव्हा रीत होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं लेकरू सुपात घालून दुसऱ्या घरी द्यायचं, बदल्यात मूठभर बाजरी घ्यायची. सहाव्या दिवशी सटवाई कपाळावर लिहायला आली की तिला पाळणा रिकामा दिसायचा. सातव्या दिवशी बाजरी परत देऊन आपलं लेकरू परत आणायचं. सगळा खेळ मरणाला चकवायचा.

गोजराबाई दोनच दिवस आधी बाळंत झाली होती, तिलाही मुलगी. अंगावर दूध होतं म्हणून तिचं घर ठरलं. मी वीस वर्षांची. मीच सूप घेऊन गेले, मीच बाजरी ओच्यात घेऊन आले.

सातव्या दिवशी भर दुपारी आणायला गेले. सूप दारातच ठेवलेलं, मुलगी त्यात झोपलेली. उचलली तर हाताला वजन जास्त लागलं. वहिनीच्या मुलीची नाळ मी कापली होती, तिच्या उजव्या कानामागे तीळ होता. हिच्या नव्हता. मी म्हटलं, गोजरा, ही आपली नव्हे. तिने मला आत ओढलं. म्हणाली, "तुमची काल सकाळी गेली. मी मागं पुरली. लोकास्नी सांगितलंय, माजी गेली. ही न्या."

मी नाही म्हणत होते. तिने माझे पाय धरले. "तुमच्या घरात मरान लेकरं नेतं, माज्या घरात बाया. भागी तर सापडलीच. हिला तरी ह्या घरातनं भायेर काढा. ती मोजाया आली का म्या सांगीन, धाकली मेली. दोनी मरनास्नी येकदम फसवू बाई."

तिला वाटलं, जे आहे ते घरात आहे. जोत्यात, भिंतीत, दारात. सासरी गेलेलीलाही ते सोडत नाही, पण मोजणीआधीच लेकरू उंबऱ्याबाहेर काढलं की पत्ता बदलला. मलाही तसंच वाटलं, प्रतिभा. ते लेकराच्या आतच बसून येतं, हे तुझ्या पहिल्या पत्रापर्यंत मला ठाऊक नव्हतं. चुली आईकडून येतात, हे तू लिहिलंस ना, ते वाचून मी दिवसभर जेवले नाही.

परत आले तेव्हा वहिनी ओट्यावर पदर पसरून उभी होती. सात दिवस तिचं दूध वाया गेलं होतं. मी सूप तिच्या पदरात रिकामं केलं. तू लगेच तोंड लावलंस. त्यानंतर मी काय बोलणार होते?

वहिनीला कळलं होतं का, देव जाणे. तिने कानामागे पाहिलं, एवढं मी पाहिलं. पुढे कधी विषय निघाला नाही. सूप मात्र तिने तुला धरू दिलं नाही आणि त्या दारावरून जाऊ दिलं नाही. गोजराबाई दारात बसायची ती तुझ्या शाळेच्या वेळेला. तू वळसा घालून गेलीस की आत जायची.

भागुबाई तुझी सख्खी बहीण आहे. मी पापी असेन तर असेन. तू अडतीस वर्षं आमची होतीस, अजून आहेस.

आक्का

*

हैदराबाद, ३ डिसेंबर १९९८

ती. आत्यास,

आठ महिने लिहिलं नाही. रागावले होते. आता राग नाही, त्याला लागणारं बळ नाही.

तुला न सांगता मे महिन्यात पिंपळगावला गेले होते. सुनेला सांगितलं, डॉक्टर आहे, तपासायला आलेय. भागुबाईंच्या पापण्या मिटलेल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात ओढला, डोकं खाली घ्यायला लावलं आणि केसांचा वास घेतला. बराच वेळ. मग त्यांचे हात थांबले. सून म्हणाली, वर्षभरात पहिल्यांदा थांबले. मी बाहेर येऊन द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर बसले आणि पोटभर रडले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी. नऊ वर्षं मी जे दुसऱ्यांच्या नळ्यांत शोधलं, ते माझ्याच अंगात होतं. ती यंत्राची सरसर आठवते? यंत्राची नव्हती. आता पाय जड झालेत. जिना चढताना कठड्याला धरते. सगळ्यांना सांगते, संधिवात.

माझं सोड. मंजूचं ऐक. आईच्या अंड्यात सगळ्या चुली उतरत नाहीत. सुपातून मूठभर उचलावं तसं होतं. मुठीत चांगले दाणे किती आणि खडे किती, ते ज्या त्या मुठीवर. तिला खडे कमी आले असतील तर ती नव्वद वर्षं जगेल. जास्त आले असतील तर माझ्याही आधी. मला दुसरं काही नको, तेवढी एक मूठ चांगली निघू दे.

ताप आला म्हणून तिचं रक्त काढलं होतं. त्यातलं थोडं सहकाऱ्याला दिलं. त्याने खड्यांचा आकडा लिहून पाकीट चिकटवून दिलं. ते तीन आठवडे माझ्या कपाटात आहे. मी सभांमधून लोकांना सांगते, अज्ञान हा उपाय नव्हे. पण मला ते पाकीट फोडता येत नाही. जाळताही येत नाही. आकडा कमी असला तरी तिने मुलं होऊ द्यायच्या आधी तिला कळायला हवं.

म्हणून तुला पाठवते. गुपित ठेवण्यात तुझ्याएवढं पटाईत कुणी नाही. मंजू मोठी होऊन स्वतः मागेल तेव्हा दे. तोवर फोडू नकोस, मी म्हटलं तरी फोडू नकोस.

प्रतिभा

*

मखमलाबाद
१८ जानेवारी १९९९

चि. प्रतिभास आशीर्वाद.

पाकीट पोचलं. भागुबाई मार्गशीर्षात गेली, तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. शांत गेली. सून सांगत होती, मे महिन्यानंतर 'येक कमी हाय' म्हणायची ती थांबलीच होती. का, ते मी विचारलं नाही.

पाकिटाचं काय केलं ते ऐक आणि हसायचं तर हस. घरात ठेववेना. रोज वाटायचं, देवाच्या फळीवरून कुणीतरी बघतंय. शेवटी सुपात घातलं आणि रेहानाकडे नेलं. म्हटलं, हे विकत घे. तिने विचारलं, काय आहे? म्हटलं, एक लेकरू आहे. तिने पुढे विचारलं नाही, डब्यातली मूठभर बाजरी माझ्या पदरात घातली आणि पाकीट दर्ग्याच्या फुलांच्या टोपलीखाली ठेवलं. सातव्या दिवशी परत आणायची रीत आहे. मी मुद्दाम गेले नाही. कुणी मोजायला आलंच, तर माझ्या घरी काही सापडायचं नाही.

तू म्हणशील, आत्याला अक्कल आली नाही. एकदा चुकलं ते कळलं, तरी हात तेच करतो. दुसरं काही मला येत नाही गं. ती बाजरी मी दळली नाही, बरणीत ठेवली आहे. मंजू मागेल त्या दिवशी परत देऊन पाकीट आणीन.

पोरीला जप. स्वतःला जप.

आत्या

*

हैदराबाद, २१ ऑगस्ट २००६

ती. आक्काआजीस,

नमस्कार. मी मंजुषा. माझं अक्षर तुला ओळखू येणार नाही, आजवर मी फोनवरच बोलले. आईने सांगितलं की तुला पत्रच लिहायचं.

आईला आता लिहिता येत नाही. संधिवात नव्हता, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. ती एवढंच सांगते की मेंदूचा आजार आहे आणि तिनेच त्यावर निबंध लिहिले आहेत. माझ्यात येईल का विचारलं की विषय बदलते. तिचे हात दिवसभर हलतात. मी ते माझ्या हातात धरून ठेवते, तेवढा वेळ थांबतात. बोलणं बरंचसं अडखळतं, पण शुद्ध आहे. तू आता सदुसष्ट वर्षांची, प्रवास करू नकोस म्हणते.

मला नोकरी लागली, इथेच. आई असेपर्यंत तिला सोडून जायचं नाही असं ठरवलंय. बाबा घरकाम शिकले आहेत, पोळ्या अजून नकाशासारख्या होतात.

काल एक विचित्र झालं, म्हणून हे पत्र. आमच्या वरच्या घरात सकाळ-दुपार कुणीतरी धान्य पाखडतं. महिनाभर ऐकते आहे. काल वैतागून आईला म्हटलं, वरच्या बाईंना सांगून येते, जरा हळू पाखडा. आईने माझा हात घट्ट धरला आणि सोडेचना. बाबा म्हणाले, अगं, वरचं घर दिवाळीपासून रिकामं आहे. मी वर जाऊन पाहून आले. खरंच कुलूप आहे. तिथे दारात उभी होते तेव्हाही आवाज येत होता.

आई खूप वेळ रडली. मग तिने एकेक शब्द सावकाश सांगितला आणि तसाच लिहायला लावला. ती म्हणाली, आक्काआजीला लिही, ते पाकीट आता आणायची गरज नाही, बाजरी तिने पाखरांना घालावी.

कुठलं पाकीट, आजी?

तुझी,
मंजुषा